चासी नंबर जुळत नाही

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर उत्तमराव पेडणेकरांचं ऑफिस होतं. जुन्या गाड्या तपासून त्यांचा अहवाल द्यायचा, हा त्यांचा धंदा. विमावाले, बँकवाले, गाड्यांचे दलाल, सगळ्यांना तो कागद लागायचा. कागदाच्या वरच्या ओळीत छापलेलं असे : 'सदर वाहन मी प्रत्यक्ष तपासले आहे.' आणि शेवटी सही. मधल्या जागेत खरोखर कुणी काय तपासलं, हे विचारायला कुणी येत नसे.

आपल्यालाही हे काही नवीन नाही. रहिवासी दाखला असो, आजारपणाचं सर्टिफिकेट असो, सोसायटीच्या टाकीची तपासणी असो, कागद पुढे आला की आपला पहिला प्रश्न एकच : "कुठे सही करू?" कशावर सही करू, हे आपण विचारत नाही!

उर्मिला परुळेकर या ऑफिसात अकरा वर्षं होती. माहेर गिरगावचं, लग्नानंतर भाईंदरला आलेली, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते ती सांगायची. सुरुवातीला लोक बॉनेट उघडायच्या आधी तिच्याकडे बघून विचारत, "मॅडम, कुणी जेंट्स नाही का आले?" त्या प्रश्नाने तिचं डोकं सणकायचं. मग तिने इतकं चोख काम केलं की तो प्रश्न बंद झाला. चोख काम करता करता नाव झालं, नाव झालं तशा केसेस वाढल्या, आणि दिवसाला दोन गाड्या बघणारी उर्मिला सहा-सहा गाड्या 'बघू' लागली.

२००६ च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळीच उत्तमरावांनी तिच्या टेबलावर एका गाडीच्या नोंदणी पुस्तकाची, म्हणजे आर.सी. बुकाची, झेरॉक्स ठेवली.

"मुर्ध्याला जायचंय. जुनी विलायती स्पोर्ट्स कार आहे, दोन सीटची, एकोणीसशे सत्तावन्नची. पुण्याच्या एका शौकिनाला घ्यायचीय. गाडी अस्सल आहे की इथेच ठोकून बनवलेली, एवढं लिहून हवंय त्याला. रोशनशेठ मधे आहे."

रोशनशेठ म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल. ती रिक्षात बसते न बसते तोच त्याचा फोन आला.

"मॅडम, आपको बोल के रखतोय. तो म्हातारा बोलतोय गाडी ओरिजिनल आहे. आता तुम्हीच विचार करा ना, झोपड्यात राहणारा माणूस, त्याच्याकडे विलायती स्पोर्ट्स कार? एक तर डुप्लिकेट असणार, नाय तर कुठून तरी उचललेली. बाकी तुम्ही समझदार आहात."

पैशाचं एक अक्षर तो बोलला नाही. उर्मिलाने आयुष्यात कधी कुणाकडून पाकीट घेतलं नव्हतं, आणि रोशनशेठला ते ठाऊक होतं. त्याने फक्त तिच्या मनात एक वाक्य ठेवलं. तिला ते पटलं, कारण ते तिच्या मनात आधीपासून होतंच.

मुर्ध्याला खाडीच्या बाजूला, जुन्या मिठागराच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. शेजारच्या प्लॉटवर इमारतीच्या पायाचं काम चाललेलं. ही शेडही दिवाळीपर्यंत काढा, अशी जागामालकाने नोटीस दिली होती, म्हणूनच गाडी विकायला निघाली होती. दारात सत्तरी ओलांडलेला एक माणूस उभा होता. अंगात दंडावर फाटलेली बंडी, खाली खाकी हाफपँट, हात कोपरापर्यंत तेलकट.

"या ताई. मी महिपत शिगवण. गाडी माझीच."

आत अंधार होता. महिपतने ताडपत्री काढली आणि गडद हिरव्या रंगाची ती बुटकी, लांबट गाडी समोर आली. तारांची चाकं, समोर आखूड काच, वर छत नाही. खाडीच्या खाऱ्या हवेत पत्र्याच्या डब्याला आठ दिवसांत गंज चढतो, पण गाडीवर गंजाचा ठिपका नव्हता. उर्मिलाला हे दिसलं. दिसलं, पण तिने त्याचा अर्थ लावला नाही.

महिपत बोलत होता. वाळकेश्वरच्या हंसाबेनची ही गाडी. त्या काळात ती बाई स्वतः गाडी चालवायची, लोक रस्त्यात थांबून बघायचे. महिपत रत्नागिरीहून आलेला पोरगा, तिच्याकडे आधी गाड्या धुवायला लागला, मग मेकॅनिक झाला. बावीस वर्षं त्याने या एका गाडीची सेवा केली. बाईला मूलबाळ नव्हतं. नजर गेल्यावर तिने १९८१ साली गाडी रीतसर महिपतच्या नावावर केली. "म्हणाली, विकली तर कोणी तरी हिला लग्नाच्या वरातीत फिरवून मारील. तू सांभाळ."

उर्मिला घड्याळ बघत होती. अजून चार गाड्या बघायच्या होत्या, त्यातली एक पार डोंगरीला. तिने इंजिनाच्या मागच्या पत्र्यावरची छोटी पितळी पट्टी टॉर्चने पाहिली. गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा, म्हणजे चासीचा, नंबर त्यावर असतो. तो होता ३१८०७. मग हातातल्या झेरॉक्सवर, आर.सी. बुकातल्या 'चासी नंबर' या रकान्यात पाहिलं. तिथे होतं ९४५२.

"बाबा, चासी नंबर जुळत नाही."

"त्याचं असं हाय ताई," महिपत घाईने म्हणाला, "त्या वेळच्या कारकुनानं बुकात उलटं लिवलंय. इंजिनचा नंबर चासीच्या जागी, नि चासीचा इंजिनच्या. हंसाबेन नेहमी हसायच्या त्याला. तुमी खाली बघा ना, पुढच्या चाकाच्या मागं लोखंडावर नंबर ठोकलाय. मी गोणपाट घालतो, तुमी झोपून बघा. पेन्सिलनं ठसा घ्या."

चोरीच्या गाड्यांचे मालक असंच काहीतरी सांगतात, असं उर्मिलाच्या मनात आलं. तिने नवा पंजाबी ड्रेस घातला होता. उकाड्याने जीव नकोसा झाला होता.

"गरज नाही बाबा. मला जे बघायचं ते बघून झालं."

दहा मिनिटांत ती रिक्षात होती.

संध्याकाळी ऑफिसात तिने अहवाल भरला. 'नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक वाहनाशी जुळत नाही. वाहन मूळ स्वरूपातील नसावे. मालकीबाबत शंका.' अहवालात एक चौकोन असतो. चासीवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो, तो ठसा त्या चौकोनात चिकटवायचा असतो. चौकोन रिकामा होता.

"सर, ठसा घ्यायचा राहिला."

उत्तमरावांनी मान वर न करता सांगितलं, "गंजल्यामुळे वाचता येत नाही, असं लिही. नेहमीचंच आहे ना?"

तिने लिहिलं, आणि खाली सही केली.

तिने पैसे खाल्ले असते, तर निदान आपण पाप करतोय हे तरी तिला कळलं असतं! इथे तेही नव्हतं. ती घरी गेली, मुलाच्या वह्यांना कव्हरं घातली आणि शांत झोपली.

पंधरा दिवसांनी दुपारी ऑफिसचा जिना धडधडत एक बाई वर आली. काटक, पासष्टीची, लुगड्याचा काष्टा घट्ट बांधलेला, हातात अहवालाची चुरगळलेली प्रत. ऑफिसात तेव्हा चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली.

"उर्मिला परुळेकर कोन हाय?"

"मी. काय काम आहे?"

"काम? काम तू करून ठेवलंस ना! मी शेवंती. महिपत शिगवणची बायको. बघ हे. ही तुझी सही हाय का न्हाय?"

उर्मिलाने कागद ओळखला. "हो. पण आवाज कमी करा. हे ऑफिस आहे."

"आवाज कमी करू? तीन दिस झाले, माझा म्हातारा चौकीत बाकड्यावर बसतोय. सकाळी बोलावत्यात, सांजच्याला सोडत्यात. विचारत्यात, गाडी कुठनं चोरलीस? त्या रोशनशेठनं तुझा हा कागद आणला आमच्याकडं. बोलला, गाडी चोरीची निघाली, मला भंगाराच्या भावात दे, मी निस्तरतो. आमी बोललो, न्हाय देत. तर मंग ह्योच कागद लावून त्यानं तक्रार केली. पोलिसांनी गाडी उचलून नेली. गावात पोरं माझ्या नातवाला चोराचा नातू बोलतायत!"

उत्तमराव केबिनमधून बाहेर आले. "हे बघा बाई, आम्ही फक्त तांत्रिक अहवाल देतो. नंबर जुळला नाही म्हणून लिहिलं. पोलिसांनी काय करायचं ते पोलीस बघतील."

"नंबर!" शेवंतीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती उर्मिलाच्या टेबलाजवळ आली. "बाय, हितं लिवलंय, गंजल्यामुळं वाचता येत न्हाय. माझा नवरा दर ऐतवारी त्या लोखंडावर तेलाचा बोळा फिरवतो. पंचवीस वर्सं! गंज कुठं दिसला तुला? तू खाली वाकलीस तरी का?"

उर्मिलाची नजर कागदावरच्या रिकाम्या चौकोनावर गेली.

"त्यानं गोणपाट घालतो बोललं. तू बोललीस, गरज न्हाय. मी भायेर चुलीपाशी होते, माझ्या कानांनी ऐकलं. तू गाडी तपासलीच न्हाईस! तू माझ्या दादल्याची फाटकी बंडी तपासलीस, नि निकाल दिलास. हीच गाडी मलबार हिलच्या बंगल्यात उभी असती, तर झोपली असतीस का न्हाय खाली? बोल!"

बाकावरची गिऱ्हाइकं खाली बघू लागली.

उर्मिलाला आधी संताप आला. एक बाई येऊन चारचौघांत आपल्याला 'अगं-तुगं' करते! अकरा वर्षांचं आपलं नाव! तिने तोंड उघडलं, नियम सांगायला, कामाचा ताण सांगायला. पण एकही सबब पुरी पडेना. कारण शेवंतीचा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. "कुणी जेंट्स नाही का आले?" असं विचारणाऱ्यांनी तिचं काम कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी साडी पाहिली, बांगड्या पाहिल्या आणि ठरवलं, हिला काय कळणार! त्या लोकांवर ती किती वर्षं जळली होती. आणि आज?

तो संताप आता उलटा तिच्याच अंगावर आला. तिने खणातून टॉर्च, लोखंडी ब्रश, चुंबक, पेन्सिल आणि पातळ कागद काढला.

"चला आजी. चौकीत जाऊ."

"उर्मिला!" उत्तमराव ओरडले. "चार गाड्या आहेत आज. आणि दिलेला रिपोर्ट आपण परत उघडत नसतो!"

"मग तुम्ही झेरॉक्सवरून द्या त्या चार गाड्यांचे रिपोर्ट," ती म्हणाली. "नाही तरी आपण तेच करतो!"

रिक्षात शेवंती तोंड बाहेर करून बसली होती.

चौकीच्या आवारात, अपघातातल्या मोडक्या गाड्यांच्या रांगेत हिरवी गाडी उभी होती. कुणीतरी तिच्या सीटवर चहाचे कागदी कप टाकले होते. बाकड्यावर महिपत बसला होता. आज त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. उर्मिलाला बघून तो उठला, सवयीने हात जोडले, मग काय वाटलं कोण जाणे, त्याने ते जोडलेले हात खाली घेतले.

चौकीतल्या अधिकाऱ्याला उर्मिलाने सांगितलं, "साहेब, मला ही गाडी पुन्हा तपासायचीय."

"पुन्हा म्हणजे?" तो चमकला. "मॅडम, आम्ही तुमच्याच कागदावर चाललोय. तुम्ही लिहिलंत प्रत्यक्ष तपासलंय. मग तेव्हा काय केलं होतं?"

"काही नाही केलं," उर्मिला म्हणाली. "तेव्हा मी खोटं लिहिलं."

अधिकाऱ्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग हवालदाराला म्हणाला, "बघू दे त्यांना. मूळ आर.सी. बुक पण आण."

आवारातल्या मातीत, कुणाची वाट न बघता, उर्मिला पाठीवर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. पुढच्या चाकाच्या मागे जाड लोखंडी पट्टीवर तेलाचा पातळ थर होता. तिने तो पुसला. ब्रशची गरजच पडली नाही. अंक स्वच्छ होते. तिने कागद धरून पेन्सिल घासली. ३, १, ८, ०, ७. पितळी पट्टीवर होता तोच नंबर. अंकांच्या आजूबाजूला घासल्याची, वेल्डिंगची, नवा पत्रा जोडल्याची एकही खूण नव्हती.

मग ती बाहेर आली आणि इंजिनाच्या अंगावर ठोकलेला नंबर शोधला. ९४५२.

हवालदाराने आणलेलं बुक तिने उघडलं. चासी नंबर : ९४५२. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, इंजिन नंबर : ३१८०७.

खालच्याच ओळीत! त्या दिवशी शेडमध्ये तिची नजर फक्त एक ओळ खाली सरकली असती, तर सगळं समोर होतं. पण जे शोधायला ती गेली होती ते पहिल्याच ओळीत सापडलं, आणि पुढे वाचायची तिला गरज वाटली नाही. म्हाताऱ्याने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता.

ती तिथे थांबली नाही. खिशातून चुंबक काढून बॉनेटला लावलं, चिकटलं नाही. दाराला लावलं, घसरून पडलं. मडगार्डला मात्र घट्ट बसलं.

"हे काय करताय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"या गाडीचं बॉनेट नि दारं ॲल्युमिनियमची, बाकी बॉडी लोखंडी. कंपनीने वजन कमी करायला तसं केलं होतं. नकली बनवणारा हा त्रास घेत नाही, सरळ सगळा लोखंडी पत्रा ठोकतो. आता पायाखालची फळी बघा, लाकडी आहे. तीही तशीच हवी. कार्बोरेटर दोन हवेत, दोन आहेत. वेग दाखवणारा काटा मैलांत आहे. स्क्रूसुद्धा जुन्या इंची मापाचे आहेत, आपला मिलिमीटरचा पाना बसत नाही त्यांना." तिने चुंबक खिशात टाकलं. "साहेब, ही गाडी अस्सल आहे. नुसती अस्सल नाही. एवढी नीट राखलेली गाडी मी अकरा वर्षांत पाहिलेली नाही. आणि हिच्यावर मी शंका असं लिहिलं!"

महिपत बाकड्यावरूनच म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी हेच सांगत होतो."

एवढंच. त्या वाक्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. अधिकाऱ्याने महिपतला उद्यापासून यायला नको म्हणून सांगितलं, गाडी मात्र कागदांची खात्री होईपर्यंत चौकीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात खडाजंगी झाली. रोशनशेठ आधीच येऊन बसला होता.

"मॅडम, क्यूँ अपना नाम खराब करताय?" तो हसत म्हणाला. "रिपोर्ट गेला तो गेला. दोन महिने गाडी चौकीत सडेल, म्हातारा थकेल, मग देईल. सबका फायदा."

"माझ्या सहीने तुम्ही एका माणसाला चोर ठरवलंत!"

"मी? सही तर तुमची आहे ना मॅडम. मी कुठे काय लिहिलंय?"

बोलणारा लुच्चा होता, पण बोलला ते खरं होतं!

उत्तमराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, नवीन रिपोर्टमध्ये लिही ना, 'अधिक तपासणीअंती क्रमांक जुळल्याचे आढळले.' आपली चूक कशाला कबूल करायची? उद्या मागचा प्रत्येक रिपोर्ट लोक उघडायला लावतील."

"लावू देत! उघडायलाच हवेत. सर, आपल्या कपाटात असे किती रिकामे चौकोन आहेत, मोजलेत कधी? किती ठिकाणी आपण गंजलंय म्हणून लिहिलं? गंज गाडीला नव्हता सर, आपल्याला होता!"

आणि तिने टाइप केलं : 'माझा दिनांक बावीस मेचा अहवाल चुकीचा आहे. मी चासी क्रमांक पाहिला नव्हता. पाहिला असे खोटे लिहिले. वाहनाच्या मालकाने मला तो पाहण्याची विनंती केली होती, ती मी नाकारली.' खाली सही करून तिने एक प्रत चौकीत दिली, एक पुण्याच्या शौकिनाला पाठवली, एक उत्तमरावांच्या टेबलावर ठेवली. त्या आठवड्यात उत्तमराव तिच्याशी बोलले नाहीत. तिला नोकरीवरून काढायचं त्यांच्या मनात होतं. पण पुण्याहून त्या शौकिनाचा फोन आला. "ज्या बाईने स्वतःची चूक लिहून दिली, पुढची तपासणी तिनेच करावी. तिच्याच कागदावर मी विश्वास ठेवीन," असं तो म्हणाला. तेव्हा उत्तमरावांनी तो विचार सोडला.

उर्मिलाने इंग्लंडमधल्या एका संस्थेला ई-मेल केली. जुन्या कारखान्यांच्या नोंदी जपणारी ती संस्था. तीन आठवड्यांनी दाखला आला. गाडी ३१८०७, इंजिन ९४५२, रंग गडद हिरवा, आतून काळं चामडं, मुंबईला जहाजाने रवाना. कागद चौकीत पोचला. गाडी सुटली. खोटी तक्रार केल्याबद्दल रोशनशेठला आता त्याच बाकड्यावर बसून जबाब द्यावा लागला.

महिपतने स्वतः गाडी चालवत मुर्ध्याला नेली. शेजारच्या सीटवर शेवंती, पदर डोक्यावरून गच्च धरून. मागून रिक्षाने उर्मिला.

गावच्या नाक्यावर माणसं जमली. उर्मिला महिपतपुढे वाकली, "बाबा, मला माफ करा."

शेवंतीने तिला अडवलं. "हळू काय बोलतेस? चोर बोलले ते काय हळू बोलले व्हते? मोठ्यानं बोल. सगळ्यांस्नी ऐकू जाऊ दे."

उर्मिला सरळ उभी राहिली. चाळीस-पन्नास माणसं होती. तिचा आवाज खणखणीत लागला.

"मी गाड्या तपासणारी. महिपतबाबांची गाडी संशयास्पद आहे, असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. मी गाडी पाहिलीच नव्हती. यांच्या अंगावरचे कपडे बघून मी ठरवलं, असली गाडी यांची असूच शकत नाही. गाडी अस्सल आहे, यांचीच आहे, आणि हे माझ्यापेक्षा मोठे कारागीर आहेत. चोरी झाली असेल तर ती यांच्या अब्रूची झाली, आणि ती मी केली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांनी महिपतला नावं ठेवली होती, ते पायाने माती उकरत राहिले. त्यांनी तरी काय तपासलं होतं? एका कागदावर त्यांनी पंचवीस वर्षांचा शेजार मोडीत काढला होता!

महिपतने गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली.

"ताई, तुमी कबूल केलंत. एवढं कुणी करत न्हाय. माझा राग न्हाय तुमच्यावर, असं मी बोलणार न्हाय. राग हाय. त्या बाकड्यावर मी तीन दिस बसलो. चहा प्यायला पण विचारून जायचो. ते तीन दिस मला कोण परत देणार?"

उर्मिला मान खाली घालून ऐकत राहिली, आणि त्या घडीला तेच करण्यासारखं होतं.

पुढे गाडी पुण्याला गेली. तो शौकीन स्वतः मुर्ध्याला आला, शेडमध्ये गोणपाटावर बसून त्याने महिपतकडून गाडीचा पूर्ण इतिहास लिहून घेतला, आणि वर्षातून दोनदा गाडी तपासायला पुण्याला यायचं, असं महिपतकडून कबूल करून घेतलं. "या गाडीवर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाची सही मी घेणार नाही," असं तो म्हणाला, तेव्हा शेवंती पहिल्यांदा हसली.

केबिन रोडच्या ऑफिसात उर्मिला अजून आहे. ती दिवसाला दोनच गाड्या बघते. कमाई घटली म्हणून उत्तमराव कुरकुरतात. पण त्यांनीही एक दिवस कपाट उघडून जुने अहवाल बाहेर काढले आणि रिकाम्या चौकोनांचे एकोणीस कागद मालकांना पत्र घालून परत तपासणीला घेतले.

नागरिकहो, सही म्हणजे शाईची रेघ नव्हे. 'मी पाहिलं' अशी ती शपथ असते. जे पाहिलं नाही त्यावर सही करू नका. साहेब सांगो, रीत सांगो, घाई सांगो, करू नका! आणि पाहायला जाल तेव्हा वस्तू पाहा, माणसाची गरिबी पाहू नका. गरिबाच्या घरात किमती वस्तू दिसली की ती चोरीचीच असणार, असं ज्याच्या मनात पहिल्यांदा येतं, त्याने आधी स्वतःचं मन तपासायला द्यावं. खोट तिथे आहे. तुमच्या एका निष्काळजी ओळीने कुणी तरी आज कुठल्या तरी बाकड्यावर बसलं असेल. उठा, जा, आणि त्याला आधी तिथून उठवा!